कुमुदचा प्रवेश आणि माझं घंगाळ

माझ्या बायकोला सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळावा म्हणून तिनं जेवढे कष्ट घेतले, जवळपास तेवढेच तो मिळू नये म्हणून मी घेतले. फरक एवढाच, की तिनं ते जाणूनबुजून घेतले होते.

नागपुरात तेव्हा टीव्ही नुकताच आला होता. प्रताप नगरात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढे अंगण, अंगणात कडुनिंब आणि सकाळी थोडा वेळ येऊन दिवसभर तोंड न दाखवणारा नळ. मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाची चढ-उतार बघायचो. कोणता माल आधी, कोणता मागून, कोणतं पोतं खाली आणि कोणतं वर, हे ठरवणं माझं काम. या कामानं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, ती म्हणजे जगातल्या सगळ्या अडचणी सिस्टीम नसल्यामुळे होतात. (आमच्या घरातल्या सगळ्या अडचणी ती असल्यामुळे होतात, असं कुमुदचं मत होतं.)

कुमुद बी.एस्सी. झालेली. एका दवाखान्यातर्फे ती घरोघरी जाऊन बायकांना आरोग्याच्या चार गोष्टी सांगायची. बायका माना डोलवायच्या, चहा पाजायच्या, आणि आठवड्याभरात तेच पोर तीच हगवण घेऊन दवाखान्यात हजर! ती घरी येऊन विचारात पडायची. एक दिवस जेवताना म्हणाली,

"अहो, दक्षिणेत एक संस्था आहे. तिथं हेच शिकवतात."

"काय, हगवण?"

"सवयी. माणसाला माहीत असूनही तो करत का नाही, आणि तो करायला कसा लागतो, ते."

"त्याला कॉलेज कशाला हवं? मी गोदामात हमालांना एकदा ओरडतो, झालं काम."

"आणि तुमची पाठ वळली की?"

मी वरण वाढून घेतलं.

मनातून मात्र मला पटलं होतं. संस्थेची वयाची अट होती, आणि कुमुदचं ते शेवटचं वर्ष होतं. आदल्या वर्षी माझं टायफॉइडचं आजारपण निघालं म्हणून तिनं अर्जच पाठवला नव्हता. त्यामुळे यंदा आपण तिला जमेल तितकी मदत करायची, असं मी ठरवलं. इथून पुढचं सगळं या ठरावामुळे घडलं.

पहिली मदत टायपिंगची. आमच्या गोदामात टाइपरायटर होता. अर्जासोबतचा तिचा निबंध मी घेऊन गेलो. तिनं साधंच लिहिलं होतं, की आमच्या गल्लीतल्या लोकांना स्वच्छतेची माहिती आहे, पण ती हातापर्यंत पोचत नाही. मला ते जरा फिकं वाटलं. मी टाइप करता करता थोडं तिखटमीठ घातलं. अज्ञानाच्या घोर अंधकारात चाचपडणारी जनता, तिच्यासाठी तेवणारी एकच ज्योत, वगैरे. कुमुदनं ते उभ्या उभ्या वाचलं.

"या घोर अंधकारात नेमकं कोण चाचपडतंय? मेश्राम गुरुजी?"

मेश्राम गुरुजी आमचे शेजारी. निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या घरात भांडी कमी आणि पुस्तकं जास्त.

"तसं नाही, एक आपलं वजन यावं म्हणून..."

"वजन तुमच्या गोदामात ठेवा. मी लिहिलं तेच टाइप करून आणा."

मी परत टाइप करून आणलं.

अर्जाबरोबर एक अटही होती. उमेदवारानं आपल्याच वस्तीतली एखादी सवय निवडायची, ती बदलायचा प्रयत्न करायचा, आणि संस्थेच्या एक मॅडम गावोगाव फिरून ते काम प्रत्यक्ष बघणार. कुमुदनं निवडलं जेवणाआधी साबणानं हात धुणं. मला वाटलं, हे तर एका रविवारचं काम आहे. गल्लीत एक बोर्ड लावू, खाली सही करू, संपलं! कुमुद म्हणाली, आधी लोक काय करतात ते बघू. मग आम्ही दोघं घरोघर निघालो. समोरच्या पांडेजींपासून सुरुवात केली. रेल्वेतून रिटायर झालेला दणकट माणूस, आवाज इंजिनासारखा.

"पांडेजी, खाने से पहले हाथ धोते हैं?"

"बिलकुल! रोज!"

"साबुन से?"

"साबुन से तो नहाते हैं, बेटी!"

गल्लीत सगळ्यांचं उत्तर हेच. विचारलं तर सगळेच धुतात. म्हणून कुमुदनं ठरवलं, विचारायचं नाही, जेवणाच्या वेळी सहज जाऊन बसायचं आणि बघायचं. यात मी तिला फार मनापासून मदत केली. कारण विदर्भात जेवणाच्या वेळी कोणाकडे जाऊन नुसतं बघत बसता येत नाही. ताट येतंच. त्या पाहणीत कुमुदला गल्लीच्या सवयी कळल्या आणि मला गल्लीतल्या भाज्या.

तिला जे कळलं ते मात्र अगदी साधं होतं. साबण न्हाणीत असतो आणि जेवणाचं ताट स्वयंपाकघरात. मधे अख्खं घर आडवं येतं. भूक लागलेला माणूस तेवढं चालत नाही. मग तिनं घरोघरी ताट मांडतात तिथंच शेजारी एक बादली, एक लोटा आणि एक साबणाची वडी ठेवायला लावली. एकानं लोट्यानं वरून धार धरायची, दुसऱ्यानं हात चोळायचे. भाषण नाही, बोर्ड नाही. गल्ली हात धुवायला लागली!

फक्त ज्यांची जेवणाची जागा ओसरीवर होती, त्यांच्या साबणाच्या वड्या नाहीशा व्हायला लागल्या. पांडेजींनी गुरुजींकडे संशयानं पाहिलं, गुरुजींनी पांडेजींकडे. दोघांत बोलणं बंद झालं. मी गोदामाच्या पद्धतीनं तपास करून एका भलत्याच माणसाचं नाव सांगितलं. शेवटी कुमुदनं आमच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. वर कावळ्याच्या घरट्याखाली फांदीच्या बेचक्यात पांडेजींची हिरवी वडी अर्धी टोचलेली दिसत होती. मग तिनं जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या, त्यात साबण घालून खुंटीला बांधला. पांडेजी आणि गुरुजी परत बोलायला लागले. (ज्याचं नाव मी घेतलं होतं, तो माझ्याशी बोलत नव्हता.)

अख्ख्या गल्लीत एकच घर सुधारायचं राहिलं, आमचं. त्याचं कारण म्हणजे भिवापूरची आत्या.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. शेती मिरचीची. उन्हाळ्यात ती मिरचीचं पोतं घेऊन आमच्याकडे यायची, ओसरीवर बसून मिरच्यांची देठं खुडायची, वर्षाचं तिखट कांडून द्यायची आणि आंबे संपले की परत जायची. तिनं साबणाच्या पिशवीकडे एकदाच पाहिलं.

"हे काय टांगलं वं सूनबाई?"

"साबण आहे आत्या. जेवायच्या आधी हात धुवायला."

"हात माहे, तोंड माहं, पोट माहं. तुले काहून तरास होऊन राहिला?"

कुमुद हसली आणि विषय सोडून दिला. मला म्हणाली, "मागं लागायचं नाही. बघून बघून त्या आपणच धुतील." पण मॅडम यायची तारीख कळली आणि मला राहवेना. परीक्षकाच्या देखत आपल्याच घरातला माणूस हात न धुता जेवायला बसला, तर? मी आत्याला बाजूला घेतलं.

"आत्या, त्या दिवशी फक्त एकदा. माझ्यासाठी."

"एकदाच ना गा?"

"एकदाच."

"मंग ठीक हाय. तू म्हणून राहिला त धुऊन टाकू. पर रोजचं लचांड नको लावू."

मला इतका आनंद झाला, की त्या भरात मी पुढची सगळी सिस्टीम आखून टाकली.

कुमुदचा बेत असा होता. मॅडमना स्टेशनवरून घरी आणायचं, गल्लीतले पाच-सात लोक आमच्या अंगणात जेवायला बोलवायचे, आणि नेहमीसारखे ते लोट्याच्या धारेखाली हात धुतील ते मॅडमनी बघायचं. ती सकाळीच गोळाभात, कढी आणि आमरस तयार करून ठेवून स्टेशनवर गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "पाहुणे आले की बसवा. बाकी काही करू नका. खरंच काही करू नका."

ती रिक्षात बसून दिसेनाशी झाली आणि मी विचार करायला लागलो. एवढी माणसं, एकेकाच्या हातावर लोट्यानं पाणी ओतायचं! म्हणजे एकेक पोतं एकेका ट्रकनं पाठवण्यासारखं झालं. त्यात नळ गेलेला. मी माळ्यावरून आमचं भलंमोठं पितळी घंगाळ काढलं, चिंचेनं लखलखीत घासलं, साठवलेल्या पाण्यानं भरलं, त्यात मोगऱ्याची फुलं सोडली आणि अंगणात स्टुलावर ठेवलं. बाजूला साबणाची कोरी वडी. खुंटीवर लग्नात आलेला, घडीही न मोडलेला पांढराशुभ्र टॉवेल. एकच. सगळ्यांसाठी. लोक रांगेनं येतील, बुडवतील, चोळतील, पुसतील, पुढे जातील! मला तर मॅडम घंगाळाचा फोटो काढताना दिसायला लागल्या.

पाहुणे आले. पांडेजी, मेश्राम गुरुजी, त्यांच्या मंडळी, अजून दोन-तीन घरची माणसं. मान वयाला, म्हणून मी पहिला नंबर आत्याला दिला. ती सकाळपासून ओसरीवर देठं खुडत होती. उठली, हात झटकले आणि घंगाळाजवळ आली.

आत्यानं हात धुतले. आणि काय धुतले! शब्द दिला होता म्हणून तिनं अगदी मन लावून, कोपरापर्यंत साबण लावून, घंगाळात दोन्ही हात खळखळवून धुतले. मग तो टॉवेल घेऊन बोटाबोटाच्या बेचक्यातून पुसले. मी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. मग रांग सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "धार नाही धरायची का आज? वहिनी तर..." मी म्हटलं, "आज स्पेशल आहे." माणसं सज्जन होती. यजमान म्हणतो म्हणून त्यांनी हात बुडवले, पुसले आणि पाटावर जाऊन बसली. माझी सिस्टीम पाणी-पुरवठ्यासकट सुरळीत चालली होती.

तेवढ्यात कुमुद मॅडमना घेऊन फाटकातून आत आली. मॅडम पन्नाशीच्या, मराठी समजणाऱ्या पण हिंदीत बोलणाऱ्या, जाड चष्मा, सुती साडी, प्रवासानं आणि नागपूरच्या मे महिन्यानं पार शिजलेल्या. कुमुदची नजर घंगाळावर गेली, मग टॉवेलवर, मग माझ्यावर. तिनं शांतपणे मॅडमना कोपऱ्यात नेलं, स्वतः लोट्यानं धार धरली आणि त्यांचे हात धुववले. इथं सगळं निभावलं असतं. पण मी बसलेला होतो ना!

"मॅडम, टॉवेल!" मी धावत जाऊन तो त्यांच्या हातात दिला.

मॅडमनी हात पुसले. मग चष्मा काढून कपाळ, गाल आणि शेवटी डोळेही छान टिपून घेतले.

पहिला आवाज मात्र पांडेजींचा आला. त्यांनी घाम पुसायला डोळ्यांवरून हात फिरवला आणि ते पाटावरून एकदम उभेच राहिले.

"अरे बाप रे! आँख गई मेरी!"

गुरुजींनी त्यांना काय झालं ते बघायला चष्मा काढला, डोळे चोळले, आणि चष्मा परत लावायचा विसरले. त्यांच्या पत्नीनं हातानं नाक पुसलं होतं, त्या शिंकायला लागल्या. बघता बघता अख्खी पंगत डोळे मिटून रडायला लागली. आता अशा वेळी कोणीतरी सूत्रं हातात घ्यावी लागतात. मी घेतली.

"घाबरू नका! पाणी मारा डोळ्यांवर! पाणी!"

आणि जवळ पाणी कुठलं? घंगाळातलं! मी स्वतः ओंजळी भरभरून एकेकाच्या तोंडावर मारल्या. पांडेजींच्या तोंडून जे शब्द आले, ते रेल्वेत चालत असतील, आमच्या गल्लीत नव्हते. मग माझ्याही डोळ्यांत गेलं. पुढचं मी निम्मं ऐकलं, निम्मं मागून कळलं.

आत्याच्या हातांना त्या तिखटाचं काहीच नव्हतं. ती एकटी ताटासमोर निवांत बसून होती.

"काहून रडून राहिले गा सारे? कोन गेलं?"

हे नेमकं फाटकाशी थांबलेल्या आमच्या दूधवाल्यानं ऐकलं. अंगणात बसलेली माणसं, सगळी हमसून हमसून रडणारी. त्यानं सायकल टेकवली, टोपी काढली, हळूच माझ्याजवळ येऊन बसला आणि पाठीवर हात ठेवला.

"कब हुआ, भैया?"

मला हुंदक्यात काही बोलता येईना. तोही बिचारा डोळे पुसायला लागला. आणि त्यासाठी त्यानं जवळच पडलेला टॉवेल घेतला!

तोवर कुमुदनं ओसरीवरचं मिरचीचं पोतं पाहिलं होतं. ती रागावली की तिच्या तोंडी माहेरची यवतमाळकडची बोली यायची. "तुम्ही आता हलून नका राहू जागचे," एवढं ती मला म्हणाली. मग तिचा आवाज एकदम शांत झाला. घंगाळ तिनं कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामं केलं, टॉवेल काठीनं उचलून बाजूला टाकला. प्रत्येकाच्या हाताला आधी गोडेतेल चोळलं, मग साबण, मग धार. मग पिण्याच्या माठातलं पाणी आणून एकेकाच्या डोळ्यांवर हळूहळू सोडलं. "उघडझाप करा. चोळू नका. अजून थोडं." आधी मॅडम, मग बायका, मग पांडेजी आणि गुरुजी, मग दूधवाला. मी सगळ्यांत शेवटी. ते केवळ क्रमानं आलं होतं, रागानं नाही, असं ती आजही म्हणते.

डोळे उघडले तेव्हा मॅडम लालबुंद डोळ्यांनी, ओल्या चेहऱ्यानं पाटावर ताठ बसल्या होत्या आणि एकेकाला विचारत होत्या. आपल्या आधी कोणी हात धुतले? त्यांच्या आधी कोणी? पाणी कोणतं? पुसलं कशानं? अशा मागे मागे जात त्या आत्यापर्यंत पोचल्या. आत्यानं आपले हात पुढे केले. मॅडमनी वास घेतला आणि त्यांना शिंक आली.

"और ये एक ही बर्तन, एक ही टॉवेल... ये किसका आइडिया था?"

सगळ्या गल्लीनं माझ्याकडे बोट केलं. त्यात आत्याचंही होतं. दूधवाल्याला काही ठाऊक नव्हतं, तरी त्यानंही केलं.

मी कुमुदकडे पाहिलं नाही. तिची दोन वर्षांची वाट, तो निबंध, मच्छरदाणीच्या पिशव्या, सगळं मी एका घंगाळात बुडवलं होतं.

"मॅडम," कुमुद म्हणाली, "एकाच्या हातावरचं सगळ्यांच्या डोळ्यांत कसं जातं, हे लोकांना समजावून सांगायला मी कालपासून चित्र काढत होते. ते आता दाखवायची गरज नाही. मिरची निदान झोंबते तरी. हगवण झोंबत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही."

मॅडमनी पदरानं चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "सारी गली को सिखाया. पति को क्यों नहीं?"

"चूक झाली," कुमुद शांतपणे म्हणाली. "हे शिकलेले आहेत, असं मी धरून चालले होते."

मॅडम अशा हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून परत पाणी आलं. मग त्यांनी गोळाभात दोनदा मागून घेतला. आत्याला बघून पांडेजी जरा दूरच सरकून बसले, पण आमरस त्यांनीही सोडला नाही.

जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. ते आलं त्या दिवशी कुमुद अंगणात नुसती बसून राहिली. मी विचारलं, "काही मदत करू?" ती इतक्या घाईनं "नको!" म्हणाली, की पुढच्या घरचे लोक बाहेर आले. आत्यानं तिला प्रवासाला लाडू करून दिले, आणि "तू जाय वं. या गड्याले आम्ही पाहून घेऊ," हे मला ऐकू येईल अशा बेतानं सांगितलं.

कुमुद शिकली, पहिल्या काहींत आली. पदवीदानाला मी कोट शिवून गेलो. समारंभानंतर चहापानाला मॅडम मला हात धरून त्यांच्या नव्या विद्यार्थ्यांकडे घेऊन गेल्या. पंधरा-वीस तरुण मुलं-मुली, सगळी सार्वजनिक आरोग्य शिकणारी. मॅडम म्हणाल्या, "जिनके बारे में मैं पहले लेक्चर में बताती हूँ, वो यही हैं!"

एकदम कुजबुज झाली. मुलं माझ्याकडे बघायला पुढे सरकली. मला मोठं भरून आलं. आपण कोणाच्या तरी अभ्यासात आहोत, ही काय साधी गोष्ट आहे? मी कोटाची बाही सावरली आणि पहिल्याच मुलाशी शेकहँड करायला हात पुढे केला.

सगळ्यांनी एकदम, रांगेनं, दोन पावलं मागे सरून मला नमस्कार केला.